पुढची खोली बोलायला शिकणाऱ्यांची

उशिरा लिहितो आहे, त्याबद्दल सगळ्यांची माफी मागतो. हे काम माझ्या बायकोला, शेवंताला, लकवा झाला तेव्हाच करायला हवं होतं. पण मृत्युपत्र लिहिलं की माणूस लगेच जातो, अशी मला धास्ती.

मी हिरालाल सुकाजी मेश्राम, रेल्वेतला निवृत्त फिटर, राहणार तात्यापारा, रायपूर. डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, म्हणून चूकभूल सांभाळून घ्यावी.

१. घर माझ्या कमाईचं आहे. माझ्यामागे ते पत्नी शेवंताचं, तिच्यानंतर मुलगा प्रफुल्लचं. पण रस्त्याकडची पुढची खोली त्याने भाड्याने देऊ नये, मोबाइलच्या दुकानाला तर नाहीच. ज्यांची वाचा गेली, जे अडखळतात, ज्यांचा आवाज बसला आणि ज्यांना फी झेपत नाही, त्यांच्या उपचारासाठी ती राहील. खर्च पोस्टातल्या ठेवीच्या व्याजातून करावा.

२. कारण लिहून ठेवतो, नाहीतर प्रफुल्ल म्हणेल, बाबा सटकले. लकव्यानंतर शेवंताची वाचा गेली. बोलण्याचे उपचार करणारी रुचिता चित्रं दाखवून विचारायची, "दादी, ये क्या है?" बाहेर आम्ही सगळे हिंदीच बोलतो, त्यामुळे कोणाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. शेवंता भिंतीकडे बघत बसायची. एकदा माझ्या हातून तिच्या लुगड्यावर चहा सांडला, तर ती म्हणाली, "काहून सांडवला जी?" घाबरून मी बशीही सोडली. रुचिता म्हणाली, "दादाजी, दादी घर में ऐसे ही बोलती थीं? तो मुझे भी यही सिखाइए." तेव्हापासून बिल्लीच्या चित्राला मांजर आणि प्याजच्या चित्राला कांदा. आता शेवंता पूर्ण वाक्यात रागावते. मी सुखी आहे.

३. म्हणून अट घालतो. त्या खोलीत ज्याला त्याला त्याच्या घरच्या बोलीत शिकवावं, मग ती छत्तीसगढी असो की तेलुगू. शिकवणाऱ्याला ती येत नसेल तर घरचं माणूस सोबत बसवावं. खुर्च्या हातांच्या घ्याव्यात, लकव्याचा माणूस कलंडतो. पंखा खडखडणारा नको. या दोन गोष्टींनी माझी झोप उडते.

४. माझे पाने आणि हातोड्या प्रफुल्लला. तेल लावत राहावं.

५. शेवंताची वाचा गेली तेव्हा शेजारचे अच्युतराव म्हणाले होते, "हिरालाल, तुझी तर लॉटरी लागली. बायको गप्प." मी विसरलो नाही. त्यांना काही देत नाही. उलट त्यांनी रोज येऊन शेवंताशी बोलत बसावं, म्हणजे तिची सवय मोडणार नाही. हे वाचून ते म्हणाले, "ही तर जन्मठेप झाली," आणि साक्षीदार म्हणून सही करायला पेन मागितला.

६. खोली रुचिताने चालवावी अशी इच्छा आहे. तिला नवा रायपूरच्या एका मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आलं आहे, असं ऐकतो. ती गेली तर खोलीला कुलूप लागेल, आणि कुलपामागून दुकान येईल.

सही: हिरालाल सुकाजी मेश्राम

त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
अच्युत दामोदर पुराणिक, शेजारी
डॉ. माया बनसोडे, चौबे कॉलोनी

रायपूर, २२ जून २०२५

रुचिताबेटा, याची नक्कल तुला पाठवतो. शेवंतामुळे तुला मराठी वाचता येते, म्हणून मराठीतच. हो असो की नाही, लवकर कळव. शेवंता खिडकीत बसून रोज तुझ्याबद्दल विचारते, "पोट्टी काय म्हणे?" तिला विचारायला तू शिकवलंस, आता उत्तरही तूच दे.