गॅलरीतली खताची टाकी आणि नणंदेचा राहण्याचा हक्क

हे मृत्युपत्र मी माझ्या मुलाच्या एका बोलण्यामुळे लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या खुब्याचे दुसरे ऑपरेशन आहे. रविवारी तो भेटायला आला, गॅलरीत डोकावला आणि म्हणाला, "आई, तुझं काही बरंवाईट झालंच तर आत्याला मी घेऊन जाईन, ही टाकी फेकून देईन आणि घर विकून मोकळा होईन. तू काळजी करू नकोस." तो प्रेमाने बोलला. मला काळजी तेव्हापासून लागली.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, पूर्ण शुद्धीत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही; तशी हिंमत घरात कोणाची नाही.

कलम १. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्यामागे ते मुलाला मिळावे. मात्र माझी नणंद, निवृत्त परिचारिका, चौदा वर्षे माझ्याबरोबर राहतात. त्या हयात असेपर्यंत या घरात राहण्याचा हक्क त्यांचा. मुलाने तोवर घर विकू नये, भाड्याने देऊ नये आणि "चार दिवस आमच्याकडे चल" म्हणून त्यांना नेऊन परत आणायला विसरू नये.

कलम २. गॅलरीतली खताची टाकी, खुरपे, चाळणी आणि हातमोजे नणंदेला. याचे कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर मुलाला वाटेल म्हातारी भ्रमिष्ट झाली.

ही टाकी मी नऊ वर्षे चालवली आणि नऊ वर्षे ती चिकट, आंबूस राहिली. झाकण उघडले की चिलटांचा ढग तोंडावर यायचा. दोष मी नणंदेच्या चहाच्या चोथ्याला दिला. दोन वेळा तर पाहुण्यांसमोर दिला. मागच्या वर्षी पहिल्या ऑपरेशनसाठी मी बावीस दिवस हॉस्पिटलात होते. तिथून रोज फोन करायचे, "वन्सं, सालं नीट धुऊन टाका हं. आणि वर तांब्याभर पाणी." त्या म्हणायच्या, "बरं."

घरी आल्यावर काठी टेकत आधी गॅलरीत गेले. झाकण उघडले. एक चिलट नाही. वास कुंडीतल्या मातीसारखा.

"काय केलंत तुम्ही?" मी विचारले.

"काही नाही. तुम्ही करत होता ते केलं नाही."

"म्हणजे रोज बरं बरं म्हणत होतात ते?"

"तुमचं ब्लडप्रेशर वाढू नये म्हणून. अहो वहिनी, कचऱ्याला आंघोळ घालणारी बाई मी जन्मात दुसरी पाहिली नाही. जखम काय आणि ही टाकी काय, चिंब ठेवली की सडणारच. हवा लागू द्या ना जरा!"

पस्तीस वर्षे मी मुलांना बाष्पीभवन शिकवले. पण स्वच्छतेच्या खुळापायी प्रत्येक साल धुऊन टाकत होते, त्या पाण्यानेच टाकी सडत होती, हे मला कळले नाही. चोथा निर्दोष होता. हे मी इथे लेखी मान्य करते आणि नणंदेची माफी मागते. तोंडाने मागायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू द्या, चहा घ्या."

कलम ३. नणंद आजारी पडल्या तर मुलाने येऊन टाकी सांभाळावी. मूठभर खत घेऊन दाबावे. एखादा थेंब आला तर ठीक. धार लागली तर कोरडा भुसा घालून खालपर्यंत हलवावे. मूठ उघडताच भुगा झाला, किंवा मुंग्या आल्या, तर पाणी शिंपडावे. ओला कचरा उघडा ठेवू नये, भुशाने झाकावा. जाड करड्या अळ्या दिसल्या तर किंचाळू नये. त्या काम करत असतात. फवारा मारायचा नाही.

कलम ४. भुसा तळमजल्यावरचे सुतार देतात. प्लायवूडचा नाही, साध्या लाकडाचा, खिळे वेचून. ते साक्षीदार असल्याने त्यांना काही देता येत नाही, म्हणून इथे मनापासून आभार. समोरच्या बाईंना आम्ही घरात 'नाक' म्हणतो. टाकी बिघडली की पहिली तक्रार त्यांची. मी त्यांच्याशी सहा वर्षे बोलले नाही. पण त्यांच्यासारखे अचूक उपकरण आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही नव्हते. दर खेपेच्या खतातली एक बादली त्यांच्या कुंड्यांना द्यावी.

कलम ५. बँकेतल्या ठेवी मुलाला. तो चांगला मुलगा आहे, फक्त घाईत असतो. माझी पुस्तके त्याने वाचून मग कोणाला द्यायची ती द्यावीत.

कोणावर माझा राग उरलेला नाही. शोधून पाहिला.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार.

(सही) लिहून देणार
साक्षीदार १: (सही) तळमजल्यावरचे सुतार
साक्षीदार २: (सही) कुटुंबाचे डॉक्टर

ताबा दिल्याची नोंद. पुढील वस्तू माझ्या मरणाची वाट न पाहता आजच नणंदेच्या हाती दिल्या:

टाकी एक, अर्धी भरलेली. खुरपे एक. चाळणी एक. हातमोजे एक जोडी, डाव्याला भोक. भुशाचे पोते एक. या मृत्युपत्राची प्रत एक.

घराच्या दाराची किल्ली एक. चौदा वर्षे या घराला एकच किल्ली होती आणि ती माझ्याकडे असे. नणंद बेल वाजवत. मी हॉस्पिटलात असताना ती त्यांच्याकडे होती. मी घरी आले त्याच दिवशी त्यांनी ती माझ्या उशीशी परत ठेवली, आणि मी ठेवू दिली. आज दुसरी करून आणली आहे. ही त्यांची.

सर्व मिळाले. किल्ली बाहेरून लावून पाहिली. दार उघडते.
(सही) नणंद