कूलरमधल्या वाती

रुपाली,

मी सकाळच्या एसटीनं शेगावले जाऊन राह्यलो. दिवेलागणीपर्यंत येतो. कितीही उकडलं तरी कूलर लावू नको. काल पुसायले म्हणून त्याची मागची जाळी काढली, तं आत खारीची चार पिल्लं निजली होती. खाली गादी होती तुह्या सासूनं शेवटच्या दुखण्यात वळलेल्या वातींची! मग देवघरापाशी लपून बसलो. खार आली अन् डब्यातली एक वात तोंडात धरून पळाली.

वाती तूच जाळून संपवत आणल्या असं समजून आठ दिवस मी तुह्याशी बोललो नाही. चुकलंच माहं. समोर बोलवत नाही, म्हणून लिहिलं.

डब्यात अजून नऊ-दहा वाती आहेत. झाकण लावू नको.

तुहा सासरा,
मामाजी