पाचव्या गिअरची कटकट

उस्ताद, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांनी मी लिहायला बसलोय ते एका सायकलच्या गिअरवरून. तुम्ही असता तर म्हणाला असता, सायकलला गिअर कशाला, पाय काय भाड्याने आणलेत? सायकल माझ्या पुतण्याची. त्याने मोटारसायकल घेतली आणि ही माझ्या दारात आणून टाकली. आपली निजामपुऱ्यातली यंत्रमागांची शेड आता बंद आहे, लूम भंगारात गेले. ते सोडवायलाही मालकाने मलाच बोलावलं होतं, कारण कुठला बोल्ट कुठे गंजून बसलाय हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. ज्या मशिनी आयुष्यभर जुळवल्या त्या मी चार दिवसांत सुट्या करून दिल्या, आणि पाचव्या दिवसापासून मला काही काम नव्हतं. आता पूर्णा गावातल्या एका गोदामात आहे. कंटेनरचा ट्रक उलटा येतो तेव्हा त्याच्या मागे उभं राहायचं, हाताने खुणा करायच्या, तो माल उतरवायच्या धक्क्याला सरळ लागला की थांबवायचा. जॉबर होतो, लूमचा डॉक्टर होतो, हे तिथे कुणाला सांगत नाही. सांगून काय मिळणार?

गेल्या आठवड्यात ड्युटीला जाताना उड्डाणपुलाच्या चढावर उभा राहून पेडल मारलं आणि चेन उडाली. पाय सटकला, मी गुडघ्यावर आपटलो. मागून कंटेनर येत होता. तो म्हणे केव्हापासून हॉर्न मारत होता. मला फक्त त्याची सावली दिसली. आमच्या गोदामातला एक जण पाठोपाठ सायकलवरच होता, त्याने मला बाजूला ओढलं. पाणी पाजलं आणि मग रागावून म्हणाला, "अरे महिनाभर तुझा गिअर कटकट करतोय, रोज ऐकतोय मी. तुला ऐकू येत न्हाय काय?" मी हसलो. म्हटलं, येतं की, वेळ मिळाला नाही दुरुस्तीला. उस्ताद, मला ती कटकट एकदाही ऐकू आली नव्हती. माझ्या मते ती सायकल अगदी गुपचूप चालत होती.

त्या दिवशी धक्क्यावर उभं राहून मी एकेक आठवत गेलो. बायको हल्ली हाक मारत नाही, समोर येऊन उभी राहते. कुकरच्या शिट्ट्या मी मोजायचो, आता तीच मोजते. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही. 

सुट्टीच्या दिवशी ओट्यावर सायकल उलटी ठेवली. पहिली चूक मी तीच केली, जिच्यासाठी तुम्ही माझ्या मनगटावर पाना मारला होता. दिघाशी गावातून नवा आलेलो, शेतावरचे हात, सगळं जोराने होतं अशी समजूत. सूत घेऊन पळणारा धोटा पेटीत नीट बसत नाही म्हणून मी न बघता नट आवळला, मग आणखी आवळला, आणि तीन लूम सोडून उभे असलेले तुम्ही धावत आलात. पाना बसला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणालात, "हाथ बाद में. पहले आँख." संध्याकाळी मात्र स्वतःच्या पेटीतला जुना स्क्रू-ड्रायव्हर मला दिलात, लाकडी मुठीचा, मुठीवर दातांचे व्रण असलेला. रागावलात की काहीतरी देऊन टाकायची तुमची खोड होती.

तर सायकलवरही मी आधी हातच लावला. गिअरची केबल सैल पडली असेल असं धरून टोकाची फिरकी फिरवत बसलो. तिसऱ्या गिअरवर जमलं की पाचव्यावर बिघडायचं, पाचव्यावर जमवलं की चेन दुसऱ्यावर चढायलाच तयार नाही. केबल काढली, आतला गंज पुसला, तेल सोडलं, परत लावली, तरी तेच. मग तुमचा स्क्रू-ड्रायव्हर काढला. त्याचं टोक चाकाजवळच्या दांडीला लावलं, मूठ दातांत धरली आणि पेडल फिरवलं. लूमच्या बाबतीत तुम्ही असंच करायचात. बाकीचे जॉबर आवाज ऐकायला मूठ कानामागे धरायचे, तुम्ही दातांत. आम्हाला वाटायचं, उस्तादांची स्टाईल आहे. जबड्यात टिक टिक लागली खरी, पण चाकाची थरथरही त्यातच मिसळलेली. वाढली ते समजायचं, थांबली कधी ते समजेना.

शेवटी बायकोला बोलावलं. ती मेथी निवडत होती, परात घेऊन ओट्यावर येऊन बसली. मी म्हटलं, बघू तुझे कान किती तयार आहेत, वाजलं की सांग. असं मी तिला म्हटलं. ती परात बाजूला सारून, माझ्याकडे तोंड करून सांगायला लागली. वाजतंय. वाजतंय. जरा कमी. आता परत. मी गिअर बदलायचो, तिच्या ओठांकडे बघायचो. आणि मग डोकं ठिकाणावर आलं, हात पुसून मी सायकलच्या मागे उकिडवा बसलो आणि नुसतं बघितलं. चेन सरकवणारा तो सांगाडा ज्या छोट्या पट्टीवर लोंबतो, ती पट्टीच चाकाच्या बाजूला वाकलेली होती. गोदामात सायकली एकमेकींवर रचून ठेवतात, माझी कधीतरी उजव्या अंगावर पडली असणार. मुळात वाकडं ते केबल ओढून कसं सरळ होणार? पाना अडकवून केसाकेसाने ती पट्टी सरळ केली, मग फिरकी परत जुळवली. सातही गिअर एकेक करून घालून बघितले. बायको म्हणाली, "आता न्हाय वाजत." मी तिला दोनदा विचारलं.

मला आनंद व्हायला हवा होता. मी तिथेच बसून राहिलो, कारण तिला विचारताना माझ्या तोंडी तुमचे शब्द येत होते. दोन वर्षं तुम्ही मला लूमपाशी उभं करून विचारायचात, "सुन. क्या बोल रहा है?" मी सांगायचो, डावीकडे ठोका जड पडतोय, नाहीतर पट्टा घासतोय. तुम्ही मान हलवायचात आणि बरोबर तिथे हात घालायचात. पहिलं वर्षभर मला वाटलं ही माझी परीक्षा चालली आहे. मी घरी सांगायचो, उस्ताद रोज माझा कान तपासतात. लूमच्या गदारोळात सगळेच खुणांनी बोलतात, ओठ वाचतात, तिथे कोण ऐकतो आणि कोण नाही हे कसं कळणार? मग एके दुपारी लाइट गेली. सगळे लूम एकदम थांबले, शेडभर शांतता, आणि तुम्ही पाठमोरे उभे. मी मागून हाक मारली. दोनदा मारली. तुम्ही वळला नाहीत. उलट कांड्या भरणाऱ्या बाईला काहीतरी सांगायला म्हणून एवढ्या जोराने ओरडलात की सगळी शेड हसली. तुम्हीही हसलात, कशाला ते न कळता. मी हसलो नाही. मला तेव्हाच समजलं.

आणि मी ते मालकाला सांगितलं. चहा पिताना, सहज विषय निघाल्यासारखं. तुमच्याबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं, मीच काढलं. म्हटलं, सेठ, उस्तादांना हल्ली काही ऐकू येत नाही, सगळं माझ्या कानांवर चाललंय. नंतर मी स्वतःला समजावलं की धोटा उडून एखाद्याचा डोळा गेला असता, कुणीतरी सांगायलाच हवं होतं. ही सबब मला नंतर सुचली, उस्ताद. सांगताना माझ्या डोक्यात फक्त तुमची जागा होती. पंधरा दिवसांत तुम्हाला कापडाच्या घड्या घालायला बसवलं आणि मी जॉबर झालो. ज्यांनी हात धरून शिकवलं त्यांचेच हात कापले, आमच्याकडे याला काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही कुणी सांगितलं म्हणून कधी विचारलं नाहीत. घड्या घालता घालता माझ्याकडे बघून मान हलवायचात, पूर्वीसारखीच. सहा महिन्यांनी मुलुखाला गेलात आणि तिकडेच वारलात.

काल आणखी एक गोष्ट कळली. मी पडल्याचं ऐकून गोदामाच्या सुपरवायझरने मी ड्युटीवर असताना घरी फोन केला होता. बायकोला विचारलं, यांना ऐकायला कमी येतं का, कारण पुढच्या आठवड्यापासून धक्क्यावरच्या सगळ्यांना वॉकीटॉकी देणार आहेत. तिने रात्रीची भाकरी वाढताना मला सांगितलं, समोर बसून, सावकाश. "मी त्याला सांगला, यांना समदा ऐकू येतं. तुमीच सायेब तोंडातल्या तोंडात बोलता."

मी भाकरी मोडत राहिलो. ती केव्हापासून जाणून होती, ते मी विचारलं नाही. ओट्यावर बसून तिने मला नाटक करू दिलं, एवढं मात्र ध्यानात आलं. माझं पोट वाचावं म्हणून ती बाई विचार न करता खोटं बोलली. तुमच्यासाठी तर मला खोटंही बोलायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, चहा प्यायचा होता आणि कामाला जायचं होतं. माझ्याकडून तेवढंही झालं नाही. आणि तिच्या खोट्याचं मी काय करू? पुढच्या आठवड्यात परत कंटेनरच्या मागे उभा राहीन. त्या वॉकीटॉकीच्या डब्यातून कुणीतरी थांबव म्हणेल आणि मी हात हलवत राहीन. सांगून टाकलं तर नोकरी जाईल, या वयात दुसरी मिळणार नाही. नाही सांगितलं तर एखाद्या दिवशी कुणाचा तरी पाय चाकाखाली जाईल. सायकल दुरुस्त झाली, माझं काही दुरुस्त होणार नाही. ह्यातून मला वाट दिसत नाही, उस्ताद. खरंच दिसत नाही.

तुमच्या गावाचा पत्ता माझ्याकडे नाही, जिल्ह्याचं नाव तेवढं आठवतं. तुम्ही उर्दू तेवढं वाचायचात. उर्दू लिहून देणारे एक म्हातारे गृहस्थ आमच्याच गल्लीत राहतात, मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो. आत गेलो असतो तर हे सगळं त्यांच्यासमोर तोंडाने बोलावं लागलं असतं. म्हणून घरी आलो आणि मराठीत लिहिलं. तुम्हाला मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि म्हणूनच मला हे लिहिता आलं.