बाबुश दिवाणखान्यात कुठे उभा होता

मी, ईडा पास्कोल आल्मेडा, वय ६६, अविवाहित, निवृत्त संशोधक, राहणार आरोंदा, तालुका सावंतवाडी, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी कालच तपासले. दबाव कोणाचाही नाही. राग आहे, पण रागाला कायदा वेड म्हणत नाही. हे न लिहिल्यास माझे घर भाऊ बाबुश याला जाईल, म्हणूनच लिहीत आहे.

१. घर. कोर्टाच्या वाटणीत बाबुशला माडांची बाग आणि मला वडिलांचे घर मिळाले. ते मी शेजारीण शेवंती केरकर हिला कायमचे देत आहे. माझा डावा कान गेल्यापासून ती समोर येऊनच बोलते. एवढी रीत सख्ख्यांना जमली नाही. सिल्व्हियाचे काम (पुढे पाहा) चालू असेतोवर दिवाणखान्यात पडदे, गालिचे घालू नयेत, एवढीच अट. शेवंती म्हणाली, "बाय, इतक्या मोठ्या घरात मिया काय करू?"

मी राहायलाच सांगितले, "रव. बाबुशच्या डोळ्यांसमोर रव."

२. संशोधन. माझे संगणक-प्रारूप, नोंदी व यंत्रे पुण्यातली माझी सहकारी सिल्व्हिया डिमेलो हिला देत आहे. आवाज जवळच्या कानाला किंचित आधी पोचतो, त्यावरून माणसाला दिशा कळते. घुमणाऱ्या खोलीत तोच आवाज भिंतींवरून, छपरावरून पुन्हा पुन्हा येतो. तरी कान पहिल्यावर विश्वास ठेवतात, मागून आलेल्यांना दाबतात. हे संगणकाला शिकवणे हे माझे आयुष्यभराचे काम. आमचा दिवाणखाना उंच छपराचा, उघड्या भिंतींचा, म्हणून सुट्टीत मोजमापे इथेच घ्यायचे. दोन्ही कानांत बारीक मायक्रोफोन घालून मी मध्ये बसायचे आणि शेवंती कोपऱ्याकोपऱ्यांतून हाका मारायची.

३. काय घडले. आई गेली त्या वर्षी मी अशीच बसले होते. शेवंती जेवायला घरी गेली होती. बाबुश हक्कसोडपत्र घेऊन आला.

"हयसर सही कर, ईडा."

"करूची नाय. पप्पांचा घर दोघांचा आसा."

त्याने डाव्या कानावर मारले. पडदा फाटला, आतली नसही गेली, त्या कानातला मायक्रोफोनही फुटला. पोलिसांना तो म्हणाला, "मी पडवीत होतो. तिथून ओरडलो, ती दचकून पडली." यंत्रात त्याचा आवाज होता, पण खोली इतकी घुमते की तो पडवीतला की जवळचा, हे कोणालाच सांगता येईना. तक्रार विरली.

पुढे त्याच्या मुलाच्या, मेल्रॉयच्या, लग्नाचे जेवण होते. बाबुशने पाठीमागून हाक मारली आणि मी भलतीकडेच वळले. "दोन कानांची पंडितीण! माका सोद बघूया!" सगळे हसले. नवरामुलगाही.

प्रारूप पुरे व्हायला त्यानंतर कित्येक वर्षे गेली. सत्कारात लोक म्हणाले, विज्ञानाची तळमळ. मला बाबुश कुठे उभा होता ते सिद्ध करायचे होते. त्या दिवसाची नोंद प्रारूपाला ऐकवली आणि झाले. तो माझ्या डावीकडे, हाताच्या अंतरावर होता.

४. बाबुश. त्याला काही नाही. हल्ली बांगडे घेऊन येतो. "तुका माझ्याशिवाय कोण आसा गो?" बांगडे मांजरे खातात. पाद्रींनी क्षमेचा विषय काढला. मी विचारले, "फादर, मारले हेच तो कबूल करीत नाही, क्षमा कशाची करू?" माझ्या शवपेटीला त्याने खांदा देऊ नये.

५. मेल्रॉय. हा माझा भाचा आजही सांगतो, "पप्पा थंय नव्हतेच." त्याला त्या दिवसाची मूळ नोंद आणि माझे हेडफोन देत आहे. सिल्व्हियाने ते स्वतः त्याच्या हातात द्यावेत. दोन्ही कानांना लावावे लागतील. डोळे मिटले की तो माझ्या खुर्चीत बसलेला असेल आणि त्याच्या वडिलांचा आवाज डाव्या कानाशी येईल. मग फटका. तिथून पुढे फक्त उजवीकडचे ऐकू येते.

अंमलबजावणीसाठी सिल्व्हियाची नेमणूक करते. सही खालील दोघांच्या देखत, स्वखुशीने केली.

ईडा पास्कोल आल्मेडा

साक्षीदार:
१. डॉ. संचिता नाईक (सही)
२. बाबली पेडणेकर (सही)

आरोंदा, १२ नोव्हेंबर २०२४