मामांचा कोट आणि कुसळी गवत

तीर्थरूप मामांना, दोन पावलं लांब उभं राहून केलेला भाच्याचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? इकडे मी बरा आहे. तुमचा लोकरीचा कोटही इकडेच आहे. (आधी बसा, घोटभर पाणी प्या.) हो, तोच, लग्नातला, डांबराच्या गोळ्यांत जपलेला, ज्याला तुम्ही कुणाला हात लावू देत नाही. मुलाखतीसाठी नेला होता. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात हंगामी मदतनीस म्हणून नऊ वर्षं घासली, कायम व्हायची ही शेवटची संधी, आणि माझ्या अंगावरचा सदरा बघून मला कुणी खुर्चीसुद्धा दिली नसती.

आता माझी अक्कल बघा. हातात ताजा नमुना असला की छाप पडेल म्हणून कॉलेजमागच्या खडकाळ उतारावरून गेलो. तिथे कुसळी गवत कमरेएवढं पिकलेलं. हे गवत कोवळं असताना गुरं आवडीने खातात, पिकलं की तोंडाला टोचतं म्हणून त्या वाटेलाच जात नाहीत. (गुरांना कळतं हो.) बाहेर आलो तेव्हा तुमच्या कोटाचं साळिंदर झालं होतं. कुसळ उपटायला जावं तर त्याचं शेपूट हातात येतं आणि टोक आत राहतं, कारण टोकाशी उलटे केस असतात. मग मी काय करावं? ओल्या फडक्याने कोट पुसला! मामा, दरवर्षी पोरांना मीच घसा फोडून सांगतो, की कुसळाला ओल लागली की त्याचा पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या गरगरण्यात बी आपलं आपण जमिनीत घुसतं. म्हणून तर वणव्यात अख्खा उतार जळला तरी मातीतलं बी वाचतं आणि कुसळी पुन्हा हजर. एवढं ठाऊक असून माणसाने पाण्याला हात लावावा, म्हणजे कमालच झाली.

मुलाखतीत डोक्यावर पंखा. कोट वाळू लागला आणि एकेक बी माझ्यात पेरलं जाऊ लागलं. प्राचार्यांनी विचारलं, कामाचा अनुभव काय? मी म्हणालो, "आई गं!" त्यांची भुवई वर गेली. नऊ वर्षं पाण्यात गेली म्हणायची. पण बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई उठल्या, चष्मा लावून त्यांनी माझी बाही धरली, ग्लासातलं पाणी शिंपडलं, आणि सगळ्यांदेखत कुसळं हळूहळू वळायला लागली. "हे का होतंय, सांगा," बाई म्हणाल्या. मग काय विचारता! कळवळत, खाजवत, होतं नव्हतं ते सगळं ओतलं. मामा, मी कायम झालो. घरी येऊन रडलो. थोडा आनंदाने, थोडा पाठीमुळे.

यापुढे तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. कोट परत येणार नाही. अंगाला चिकटून बी कसं गावभर फिरतं हे दाखवायला विभागाला तो काचेच्या कपाटात ठेवायचाय. (खरं तर त्यांना मेंढी हवी होती.) सोबतच्या संमतीपत्रावर सही करा, पाया पडतो.

आणखी एक ता. क. सहीची घाई नाही. कोट मला मामीनेच काढून दिला होता, संमतीही तिनेच कळवली. कपाटावर देणगीदार म्हणून तिचं नाव लागलंय. तुमची सही आली तर खाली तुमचंही लावू. मामी म्हणाली, लाव, पण बारीक अक्षरात.