झोपवलेल्या ओळी

सोमवार, ८ सप्टेंबर

लई गोंधळ! हदगावहून गुणाबाईंचा फोन – "ओ बाई, तुमच्या मोबाईलात पावणेसातची गाडी दिसली, तासभर उभी हाय मी! कंडक्टर म्हणतो, ती बंद होऊन दोन वर्षं झाली. झोपून राहिलात का तुम्ही?"

चूक माझीच. एसटीच्या वेळा सांगणारं आमचं ॲप. त्याच्या कोडमध्ये ओळीपुढं दोन तिरप्या रेषा मारल्या की ती ओळ झोपते, कॉम्प्युटर तिला वाचत न्हाई. गाव सोडून गेलेल्या शिवांगीनं लिहिलेल्या, पावणेसातच्या गाडीच्या जुन्या ओळीपुढच्या रेषा मी चुकून पुसल्या. ओळ जागी झाली!

मोजलं. नऊशे ओळी – त्यातल्या सहाशे झोपलेल्या!!

मंगळवार, ९

ही रीत दयानंद सरांची. आम्ही सगळे त्यांचे जुने विद्यार्थी, फावल्या वेळात ॲप चालवतो. कुणी पुण्या-हैदराबादला गेलं की त्याचं कोड पुसायचं न्हाई, झोपवायचं. वर लिहायचं – 'शिवांगी. परत येईपर्यंत.' पाच वर्षांत आलंय का कुणी?

मी पुसणार. मी कथा लिहिते तेव्हा स्वतःचीच पानंच्या पानं फाडते, हे काय अवघड! हात शिवशिवून राहिलेत.

गुरुवार, ११

चारशे ओळी गेल्या! आणि ॲप मस्त चालू! आता कोडमध्ये एका नजरेत हदगाव ते उमरी दिसतं. खुर्चीतच नाचले.

संध्याकाळी सरांचा लातूरहून फोन.

"मनस्विनी, हे काय लावलंस?"

"सर, पुसलं तरी जुनं सगळं रेकॉर्डला राहतंय की."

"मलाच शिकवतीस? पोरं परत आली आन् त्यांना त्यांची जागाच दिसली न्हाई तर?"



मग जरा नरमून म्हणाले, "बाकीचं पुसलंस ते पुसलंस. शिवांगीचं तिला विचारल्याबिगर न्हाई. दिवाळीला येतीय ती. लातूरला आमचा क्लास निघतोय – तिथं शिकवायला तिचं टेबलसुद्धा आणून ठेवलंय."

शुक्रवार, १२

शिवांगीला मंजुरीसाठी पाठवलं. तिच्या दोनशे ओळी. दर पाच मिनिटाला बघून राहिले. हाव म्हण ग बाई, हो म्हण!

रविवार, १४

शिवांगीनं मंजूर केलं. खाली लिहिलंय – "काढ मने. मी इकडंच राहणार, घर घेतलं. सरांना सांगायची हिंमत होईना. तूच सांग."

सरांचा फोन वाजून राहिलाय.