काळजीचं काही आढळलं नाही

मंगळवार, ४ मार्च

साहेबांनी आल्या आल्या केबिनमध्ये बोलावलं. एका डॉक्टरांचा फोन आला होता. त्यांच्या पेशंटची साखर चारशेच्या वर, लॅबने तसं कळवलंय. आणि पेशंटच्या मोबाइलवर आमचं रिपोर्ट दाखवणारं पान म्हणतंय — 'काळजीचं काही आढळलं नाही.' तेही हिरव्या अक्षरांत.

"पण बोर्डवर तर एकही एरर नाही," साहेब म्हणाले. खरंच नव्हता. भिंतीवरच्या त्या बोर्डवर दोन वर्षं शून्य आहे. त्या शून्यासाठी केक आणला होता, आणि कापायला मलाच पुढे ढकललं होतं.

दुपारी सापडलं. काम माझंच. लॅबच्या सर्व्हरने उत्तर दिलं नाही की एरर येतो. माझ्या प्रोग्रॅममधल्या आठ ओळी तो पकडतात, कुठे नोंद करत नाहीत, कुणाला सांगत नाहीत, आणि पुढे रिकामी यादी देतात. पुढचं पान समजतं — यादी रिकामी, म्हणजे माणूस ठणठणीत. पान बंद पडू नये म्हणून लिहिल्या होत्या. कौतुक होतं मला त्यांचं. लाज वाटते आता.

संध्याकाळी आठही ओळी उडवल्या.

बुधवार, ५ मार्च

ओळी उडवल्या, पण त्यांच्या जागी दुसरं काही ठेवलं नाही. घाई! सकाळी शंकेखोर (आमचा टेस्टर, हे नाव त्याने कष्टाने कमावलंय) लॅपटॉप घेऊन समोर उभा. "हे बघ, आता काय दिसतंय ते." पानावर अख्खा एरर उघडा पडलेला. आमच्या डेटाबेसचं नाव, सर्व्हरचा पत्ता, वर एका बाईंचं नाव आणि जन्मतारीख. म्हणाला, "आधी भिंतीवर खोटं दार रंगवलं होतंस, आता भिंतच पाडलीस." त्याचंच बरोबर होतं.

ते पान बंद करायला लावलं. मग पान कोणी कधी उघडलं त्याची नोंद आणि लॅबचे खरे रिपोर्ट शेजारी ठेवून जुळवत बसले. लॅबचा सर्व्हर चार दिवसांपासून अधूनमधून बंद पडतोय; तेवढ्यात सदतीस जणांना खोटं हिरवं पान दिसलंय. तेहतीस जणांचं खरोखरच ठीक आहे. चौघांचं नाही. लॅबच्या काउंटरवरच्या ताईंनी तिघांना फोनवर गाठलं. चौथे एक शिंपीकाका, वय अठ्ठावन्न. पोटॅशियम इतकं वाढलेलं की डॉक्टर म्हणाले, हृदय कधीही दगा देईल. त्यांचा फोन बंद.

अर्जावर दुकानाचा पत्ता होता. ताई आणि मी गेलो. शटर खाली. शेजारचा चपला दुरुस्त करणारा म्हणाला, "मुलीकडे गेलेत. येतील उद्या." मुलगी कुठे राहते, त्याला माहीत नाही.

घरी जेवण गेलं नाही. सासूबाईंनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. त्यांचे गुडघे दुखत असले की त्याही हेच म्हणतात.

गुरुवार, ६ मार्च

आठ वाजताच दुकानापाशी जाऊन बसले. सव्वानऊला काका आले, हातात डबा. मी कोण ते सांगितलं.

"अहो, पण माझं सगळं नीट आलंय!" मोबाइल काढून दाखवायला लागले. त्या पानाचा फोटो काढून जपून ठेवला होता. "पथ्यसुद्धा सोडलं मी."

म्हटलं, "ते पान चुकीचं आहे काका. चूक माझी आहे." ते रागावले नाहीत. डबा कुठे ठेवायचा तेवढं विचारलं. टॅक्सीत घालून सरळ हॉस्पिटलात नेलं. दाखल करून घेतलं.

शुक्रवार, ७ मार्च

काका ठीक. मुलगी येऊन बसलीय. ती माझ्याशी बोलली नाही. बोलावं तरी का?

सोमवार, १० मार्च

त्या जागी नवीन ओळी लिहून झाल्या. एरर आला की आमच्याकडे साद्यंत नोंद — कधी, कुठे, कशामुळे. पेशंटला मात्र एवढंच: 'तुमचा रिपोर्ट आत्ता दाखवता येत नाही. हा क्रमांक सांगून फोन करा.' आतलं काही बाहेर नाही, आणि ठीक आहे असं खोटंही नाही. शंकेखोराने दिवसभर लॅबचा सर्व्हर मुद्दाम बंद-चालू करून छळलं. पास केलं, तेही तोंड वाकडं करून.

बुधवार, १२ मार्च

बोर्डवर एकशे बारा. साहेबांचा चेहरा उतरला. "हे सगळं आत्ता सुरू झालं?" म्हटलं, "नाही साहेब. आत्ता दिसायला लागलं." काका घरी गेले.

गुरुवार, १३ मार्च

आंघोळ करताना आठवलं. त्या आठ ओळी मी इथे लिहिल्याच नव्हत्या. मागच्या नोकरीतून जशाच्या तशा उचलून आणल्या होत्या. तिथे आम्ही रुग्णवाहिका पाठवायची यंत्रणा बांधत होतो. तिथे रिकामी यादी म्हणजे कुणालाच मदत नकोय.

ओल्या केसांनी जुन्या साहेबांना फोन लावला. केवढे खूश झाले! "तुझा तो भाग? अगं, एकदाही बंद पडला नाही. आता पाच शहरांत लावलाय."